बायोस, लांज्याला

डोंबिवली, रविवार



काल वहिनीचा फोन आला. तीन महिने तू मोबाइलवरून अर्ज पाठवते आहेस, एकाचंही उत्तर नाही, आणि हल्ली भरल्या ताटावरून उठतेस, असं म्हणाली. कॉलेजात जाऊन ये म्हटलं तर ‘पास होऊन बाहेर पडले, आता कुठल्या तोंडाने जाऊ?’ हे तुझं उत्तर. ते मला लागलं, म्हणून लिहायला बसले.

तुझे आजोबा मुंबईला आले तेव्हा त्यांच्या खिशात गावच्या लोकांच्या मुंबईतल्या खोलीचा पत्ता होता. लालबागच्या चाळीतली खोली, भिंतीशी ओळीने ट्रंका, त्यांवर वळकट्या. दिवसपाळीचा उठला की त्याच जागेवर रातपाळीचा आडवा व्हायचा. दुसऱ्याच दिवशी वाडीतल्या एकाने आजोबांना बदली कामगार म्हणून गिरणीच्या दारात नेऊन उभं केलं. त्याला कुणी भीक म्हटलं नाही. आधी आलेल्याने मागून येणाऱ्याला दार दाखवायचं, ही रीतच होती. १९८२ च्या संपानंतर गिरण्या बसल्या, पण त्या रीतीवरच आपलं घर उभं राहिलं.

एक उणं मात्र होतं, बायो. ती खोली आपल्या गावच्याच माणसाला उघडी, आणि मुलीला तर नाहीच. मी बी.कॉम. होऊन आले तेव्हा मला हात दिला तो याच कॉलेजात माझ्या दोन वर्षं पुढे असलेल्या मुलीने. ना आपल्या वाडीची, ना नात्याची. तिच्या ऑफिसात टायपिंगची परीक्षा कधी असते आणि कुणाला भेटायचं, एवढंच तिने सांगितलं. मला तेवढं पुरलं. म्हणून माजी विद्यार्थी संघ मला गावच्या खोलीहून मोठा वाटतो. तिथे वाडी विचारत नाहीत.

तर उद्या-परवा जाच. लहान गावच्या कॉलेजात प्लेसमेंट सेल म्हणजे बहुधा एखादे सर किंवा मॅडम, शिकवणं सांभाळून ते काम बघणारे. तास संपल्यावर गाठ. संकोच करू नकोस. नॅककडून मूल्यांकन होतं तेव्हा किती मुलं कामाला लागली, माजी विद्यार्थ्यांचा हातभार काय, हे कॉलेजला दाखवावं लागतं. तुझी नोंद त्यांनाही हवीच असते. अप्रेंटिसशिपचंही विचार. १९६१ च्या कायद्यात २०१४ साली दुरुस्ती झाली, तेव्हापासून इंजिनिअर नसलेल्या पदवीधरांनाही ती वाट खुली आहे. शिकताना विद्यावेतन मिळतं.

मग तुझ्यासारखीच केमिस्ट्री घेऊन लोटे-परशुरामच्या कंपन्यांत गेलेल्यांची नावं माग. आणि हे नीट ऐक: त्यांतल्या कुणालाही पहिल्याच मेसेजला बायोडाटा जोडू नकोस, ‘जागा आहे का?’ असंही विचारू नकोस. जागा त्याच्या हातात नसते, मग बिचारा ओशाळतो आणि गप्प बसतो. आपलं नाव, वर्ष, विषय लिही आणि त्याला सहज सांगता येईल असं काहीतरी विचार. ‘दादा, क्यूसी लॅबमध्ये नवीन माणसाला टायट्रेशन स्वतः करायला देतात का? एचपीएलसीला हात लावायला किती दिवसांनी मिळतं?’ कामाबद्दल विचारलं की माणूस बोलतो. बोलता बोलता भरती कंपनी करते की कंत्राटदार, मुलींना येण्याजाण्याची सोय काय, हेही कळेल. शिफ्ट सुटल्यावर फोन कर. त्याने दिलेला वेळ लक्षात ठेव, आणि पुढे काय झालं ते त्याला कळव. पुष्कळ मुलं हे कळवत नाहीत, त्याचं मला फार वाईट वाटतं.

अजून एक काम. कॉलेजच्या मेळाव्याला आले होते तेव्हा माजी विद्यार्थ्यांच्या वहीत मी लँडलाइनचा नंबर लिहिला होता. तो बंद पडून कैक वर्षं झाली. वही मागून माझं नाव शोध, तो नंबर खोड आणि शेजारी माझा मोबाइल लिही. ऑफिसची वेळ सोडून कधीही फोन करा, असंही लिही.

तुझी,
आत्या