उंबरठ्याबाहेरचा भाडेकरू

जयपूरला बदली झाली तेव्हा शासकीय निवासस्थान मिळेपर्यंत मी मानसरोवर वसाहतीत भाड्याचे घर शोधत होतो. माझे पदनाम कळताच घरमालकाने चहा मागवला, अनामत रक्कमही कमी केली. आमच्या कार्यालयातील कनिष्ठ लिपिक त्याच दारातून आदल्या दिवशी, जात विचारली गेल्यावर, परतला होता.

राजस्थानचा २००१ चा भाडे नियंत्रण कायदा भाडेवाढीला आणि घर खाली करून घेण्याला नियम घालतो, न्यायाधिकरणही देतो. परंतु हे सारे उंबरठा ओलांडल्यानंतर. दारातूनच परतवलेल्याने दाद कोठे मागावी?

ते घर मी नाकारले, असे लिहायला आवडले असते. मी ते घेतले. सात महिने राहिलो. लिपिक सांगानेरहून रोज सायकलने येत राहिला.