साठ हजारांचं सँटोरिनी

पाडव्याच्या दुपारी चुलतभाऊ घरी आला. डिसेंबरात त्याचं लग्न होतं. फराळाची ताटली हातात घेऊन तो म्हणाला, "दादा, तुमचं ते साठ हजारवालं पॅकेज मलाबी करून दे. दोघांचं, विमानासगट."

बाबा तक्क्याला टेकून बसले होते. "देईल की करून," ते म्हणाले. "त्याच्या कंपनीची सोय असती. लोकांचं साठ हजारात केरळ होईना, ह्यांनी युरोप केलं."

बायको चहा घेऊन आतून येत होती. पुण्यात ती मला 'तू' म्हणते, वसमतला आलो की 'अहो'. ट्रे खाली ठेवत तिनं अगदी शांतपणे विचारलं, "अहो, कोणतं पॅकेज?"

पॅकेज नव्हतंच. कंपनीची सोयही नव्हती. ऑक्टोबर २०२४ मध्ये आम्ही दोघं ग्रीसला जाऊन आलो, पाच रात्री सँटोरिनी बेटावर राहिलो, आणि सगळं धरून चार लाख दहा हजार रुपये लागले. साठ हजार हा आकडा मी बाबांना फोनवर सांगितला होता. बायकोला तो आकडा त्या दुपारी पहिल्यांदा कळला.

खोटं बोलायचं ठरवून बोललो नव्हतो. बुकिंग जुलैमध्येच झालं होतं. मग १ आणि २ सप्टेंबरला मराठवाड्यात जो पाऊस झाला, तो हिंगोली, परभणी, नांदेडची माणसं विसरणार नाहीत. आमच्या तीन एकर हळदीत दोन दिवस पाणी उभं होतं. हळदीला पाणी लागतं, पण मुळाशी साचलेलं तिला चालत नाही. पानं पिवळी पडतात, उपटून पाहावं तर कंद मऊ झालेला असतो. चर काढून, औषध सोडून बाबांनी बरंच वाचवलं, तरी पाऊण एकर गेलं. त्याच वर्षी वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं होतं. बाबा म्हणाले, "नाव झालं आन् पीक गेलं."

मी पैसे पाठवतो म्हणालो. ते नको म्हणाले. आणि मग सहज विचारलं, "तुमचं ते फिरायचं कितीला पडायलं रे?"

मी चिखलात उभ्या असलेल्या माणसाला चार लाख सांगू शकलो नाही. "साठ हजार," मी म्हणालो. "बाकी कंपनी देतीय."

सँटोरिनी ही माझी निवड नव्हती. बायको परभणीची. नांदेडला शिकताना होस्टेलच्या कपाटाच्या दाराला आतल्या बाजूनं तिनं एका कॅलेंडरचं पान चिकटवलं होतं: पांढरी घरं, निळा घुमट, खाली समुद्र. ते नक्की कुठलं आहे हे तिला दोन वर्षांनी कळलं. नोकरी लागल्यावर तिनं त्यासाठी वेगळं खातं उघडलं. आमचं स्थळ जुळलं, तेव्हा दुसऱ्याच भेटीत तिनं सांगून टाकलं, की लग्नाचा हॉल छोटा चालेल, पण तिथं जायचंय.

अथेन्सच्या पिरिअस बंदरातून आम्ही सकाळची फेरी घेतली. स्वस्तातली, म्हणून आठ तास. दुपारी बेट दिसलं आणि आधी ते मला बेट वाटलंच नाही. समुद्रातून सरळ वर गेलेला तांबडा-काळा कडा आणि त्याच्या माथ्यावर बर्फ पडल्यासारखी गावं. सुमारे ३,६०० वर्षांपूर्वी इथल्या ज्वालामुखीचा महाभयंकर उद्रेक झाला, बेटाचा मधला भाग खचला आणि त्या खळग्यात समुद्र शिरला. आज ज्याला सगळे 'व्ह्यू' म्हणतात, तो त्या खळग्याचा काठ आहे.

ओइया गावात दोन रात्री आम्ही कड्यात कोरलेल्या खोलीत राहिलो. ज्वालामुखीच्या राखेचा थर मऊ, म्हणून तो कोरून घर करायचं, पुढची भिंत तेवढी बांधायची. बेटावर लाकूड कमी, त्यामुळे छत घुमटासारखं. वरच्या अंगाला जहाजांच्या कप्तानांचे वाडे आणि खाली ही खलाशांची घरं. ९ जुलै १९५६ ला मोठा भूकंप झाला आणि कितीतरी लोक बेट सोडून गेले. १९७० च्या दशकात ग्रीसच्या पर्यटन खात्यानं ओइयातली पडकी घरं दुरुस्त करून पाहुण्यांना द्यायला सुरुवात केली. आता त्याच खलाशाच्या खोलीचं एका रात्रीचं भाडं आम्ही ३१० युरो दिलं.

म्हणजे साडेअठ्ठावीस हजार रुपये. तेव्हाच्या १३,००० च्या भावानं दोन क्विंटल वीस किलो हळद.

हे माझं असं सुरू होतं. युरोचे रुपये सगळेच करतात, मी रुपयांचे क्विंटल करत होतो. कारण क्विंटलमागे काय असतं ते मला माहीत आहे. जूनमध्ये बेणं लावायचं, फेब्रुवारी-मार्चमध्ये काढणी, मग शिजवायची, पंधरा दिवस उन्हात वाळवायची, ड्रममध्ये घालून पॉलिश करायची. कुकरच्या वाफेत उभं राहून मीही शाळेच्या दिवसांत हळकुंडं उपसली आहेत. दोन कॉफी म्हणजे सात किलो. ओइयात लांब शेपटीचे झगे भाड्यानं मिळतात, गच्चीवर उभं राहायचं, मदतनीस झगा वाऱ्यावर उडवतो आणि फोटोग्राफर फोटो काढतो. बायकोनं लालभडक झगा निवडला. २५० युरो, पावणेदोन क्विंटल.

ती फार सुंदर दिसत होती. हे मी तिला तेव्हा सांगितलं नाही, कारण मी गुणाकार करत होतो.

त्या संध्याकाळी जुन्या किल्ल्याच्या पडक्या भिंतीपाशी सूर्यास्त पाहायला शेकडो लोक दाटीवाटीनं उभे होते. जेमतेम ७६ चौरस किलोमीटरचं बेट, आणि २०२३ मध्ये तिथं सुमारे ३४ लाख लोक येऊन गेले. क्रूझ जहाजांवरून उतरणाऱ्यांसाठी दिवसाला ८,००० ची मर्यादा घालायचं तेव्हा ठरत होतं, २०२५ पासून ती लागू झाली. सूर्य बुडाला तशा लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी गप्प होतो.

"कितीला पडला?" बायकोनं विचारलं.

"काय?"

"सूर्यास्त. क्विंटलमध्ये सांग."

मला वाटलं ती चेष्टा करतेय. तिचे डोळे भरले होते. "तू इथं आलाच नाहीस," ती म्हणाली. "मी एकटीच आलेय."

उरलेल्या तीन रात्री पेरिसा नावाच्या गावात स्वस्त खोली होती. तिथला किनारा काळा आहे, ज्वालामुखीची वाळू. पहिला दिवस आम्ही फारसं बोललो नाही. संध्याकाळी एका खानावळीत वेटरनं त्यांची खासियत म्हणून 'फावा' आणून ठेवला. पिवळं, घट्ट घोटलेलं, वर कच्चा कांदा आणि ऑलिव्हचं तेल. बायकोनं एक घास खाल्ला आणि माझ्याकडं पाहिलं. मी खाल्ला.

"वरण," ती म्हणाली.

"हळद विसरलेत," मी म्हणालो.

आम्ही इतके हसलो की शेजारच्या टेबलावरचे लोक वळून बघायला लागले. नंतर वाचलं तर गंमत निघाली: फावा ज्या दाण्याचा करतात, तो आपल्या लाखोळी डाळीच्या कुळातलाच आहे. बेटावर पाऊस इतका कमी, की असलं काटक कडधान्यच तिथं तग धरतं. दुसऱ्या दिवशी आम्ही द्राक्षाच्या मळ्यांतून चाललो. तिथं मांडव नाही. वारा वेल मोडून टाकतो, म्हणून शेतकरी वेलीला जमिनीवरच गोल वळवत टोपलीसारखी विणतात आणि घड त्या टोपलीच्या आत धरतात. पाऊस नसला तरी समुद्रावरून येणारी ओल ती राखट जमीन धरून ठेवते. बायको एका वेलीपाशी उकिडवी बसली आणि तिनं वीसेक फोटो काढले. "हे बाबांना दाखवू," ती म्हणाली.

मी हो म्हणालो. साठ हजारांचं मात्र तेव्हाही सांगितलं नाही.

पाडव्याच्या रात्री खोलीचं दार लावून ती पलंगावर बसली. मी सगळं सांगितलं: पाऊस, फोन, चिखल. बाबांना वाईट वाटू नये म्हणून बोललो, असंही सांगितलं.

"निम्मे पैसे कुणाचे होते?" तिनं विचारलं.

दोन लाख पाच हजार तिचे होते. तिच्या त्या वेगळ्या खात्यातले.

"तुझे पैसे तुला लपवायचेत, तर लपव," ती म्हणाली. "माझे का लपवलेस? मी तीन वर्षं साठवले. तुमच्या घरात सगळ्यांना वाटतंय, मी तुझ्या कंपनीच्या कृपेनं फिरून आले. आणि मला ते सगळं आवडलं होतं. झगासुद्धा. तुला लाज वाटत होती म्हणून मलाही वाटायला पाहिजे होती का?"

मला उत्तर सुचलं नाही. माझा अपराधीपणा ही बाबांविषयीची माया आहे, असं मी धरून चाललो होतो. ती माया होतीच. पण तिच्या आड मी तिथं एका माणसाला सूर्यास्तासमोर एकटं उभं केलं होतं आणि इथं तिची तीन वर्षं हिशोबातून खोडली होती.

सकाळी बाबांसोबत शेतात गेलो. वाचलेली हळद कंबरेच्या वर आली होती. बांधावर उभं राहून मी खरा आकडा सांगितला. निम्मे तिचे, हेही सांगितलं.

बाबांनी थोडा वेळ काही म्हटलं नाही. मग म्हणाले, "साडेएकतीस क्विंटल."

"हो."

"दीड एकराची हळद." ते खाली वाकले, एक पिवळं पान खुडलं. "मला खोटं कामून सांगितलास?"

"इथं पाणी उभं होतं, बाबा."

"पाणी मला दिसलालतं की. तू काय लपवायलास ते नव्हतं दिसत." ते चिडले होते, आणि चिडू द्यावं एवढं मला कळलं. परतताना वाटेत त्यांनी विचारलं, "तिला आवडलं का पण?"

"आवडलं म्हणाली. मी तिथं हिशोबच करत बसलो, ते नाही आवडलं."

"मंग तुझे निम्मे वाया गेले," बाबा म्हणाले. "तिचे नाही गेले."

घरी आल्यावर त्यांनी सुनेला हाक मारली. "काय पिकतं गं तिथं?" तिनं फोन काढला. वेलींचे सगळे वीस फोटो त्यांनी एकेक करून पाहिले, बोटांनी मोठे करून. फांदी कुठून वळवतात, पाणी कसं देतात, वय काय वेलीचं, एकेक प्रश्न. ती माहिती असेल तेवढं सांगत होती. मी बाजूला बसून ऐकत होतो. त्यानंतर तिनं न विचारता लाल झग्यातला फोटोही दाखवला. आई आतून हात पुसत आली. तिनं तो बराच वेळ पाहिला आणि म्हणाली, "मागं झगा कुणी धरलाय?"

दुपारी बाबांनी चुलतभावाला फोन लावला. ओसरीवरून त्यांचा आवाज गल्लीत ऐकू जात होता. "साठ हजारात नसतं होत ते," ते म्हणत होते. "चार लाख धा हजार लागतेत. आमच्या सुनेनं निम्मे भरले. तिच्या पगाराचे."