नखाची खूण

ताम्हिणीत गाडीची पाठ सरकली ती जेमतेम हातभर. जूनचा पहिला पाऊस सुरू होऊन अर्धा तास झाला असेल. रस्त्यात मुरलेलं तेल आणि धूळ वर आली होती. वेग पन्नासच्या आतच. वळणाच्या मध्यावर मागची चाकं बाहेरच्या अंगाला निघाली. ब्रेकवर पाय जाऊ दिला नाही, स्टिअरिंग सरकत्या बाजूला वळवलं, आणि गाडी पुन्हा ओळीत आली. समोरून कुणी येत नव्हतं. पुढे रुंद जागा बघून थांबले, उतरले आणि मागच्या टायरच्या नक्षीत अंगठ्याचं नख रोवलं. कित्येक वर्षांत असं केलं नव्हतं. हात आपोआप गेला.

नख रुतलं नाही. वाकलं.

नक्षी चांगली पाच मिलिमीटर शिल्लक होती. कायद्याला १.६ पुरते. मग रुमाल ओला करून टायरची कड पुसली आणि 'डॉट'पासून सुरू होणाऱ्या ओळीतले शेवटचे चार आकडे शोधले. ३११५. म्हणजे २०१५ सालचा ३१वा आठवडा. माझ्या गाडीचे टायर नऊ वर्षांचे होते, आणि मला, टायरवाल्याच्या मुलीला, हे गाडी घेऊन चार महिने झाल्यावर घाटात कळलं.

गाडी म्हणजे जुनी पोर्शे बॉक्स्टर. दोन माणसांपुरती, उघड्या छपराची, इंजिन सीटच्या पाठीमागे. पंचावन्नाव्या वर्षी, सगळी कर्जं फिटल्यावर घेतली. आधीच्या मालकाने ती फारशी चालवलीच नव्हती, आणि मी त्यालाच भुलले. चालवून रबर झिजतं हे सगळ्यांना दिसतं. उभ्या उभ्या मरतं ते दिसत नाही. ओझोनपासून बचाव म्हणून रबरात मेण मिसळलेलं असतं. टायर फिरताना दबतो, ताणला जातो, तसं ते थोडं थोडं वर येत राहतं. गॅरेजात कापडाखाली उभ्या असलेल्या टायरात ते आतच अडकतं. मग कडेला बारीक चिरा पडतात, रबर कडक होत जातं. ज्याने मला गाडी विकली त्याने त्या चिरांवर टायर पॉलिश फासलं होतं. त्या पॉलिशवर माझा जुना राग आहे. गाडीच्या रंगाला हवं तेवढं मेण लावा, काचा लख्ख करा, पण टायर सजवू नका. गाडीचा तेवढाच भाग जमिनीला टेकतो. त्याने तरी खरं सांगायला हवं.

माझ्या वडिलांचं, अण्णांचं दुकान पारगाव-खंडाळ्याला, खंबाटकीच्या पायथ्याशी. बोगदा होण्याआधीचे दिवस. चढणारं आणि उतरणारं सगळं त्याच घाटातून जायचं. एका पावसात त्यांनी एका अँबॅसॅडरच्या चाकाशेजारी ओल्या डांबरावर पंजा टेकवला आणि म्हणाले, "पोरी, सगळी गाडी चार चाकांखाली एवढ्या एवढ्यावर उभी आस्ती." पुढे इंजिनिअरिंगला गेल्यावर मी त्याचा हिशेब मांडला. बॉक्स्टरचाही मांडून पाहिला. वजन १३०० किलो धरलं तर एका चाकावर सव्वातीनशे. हवा ३२ पौंड, म्हणजे चौरस सेंटीमीटरला सव्वादोन किलो. भागाकार केला की १४५ चौरस सेंटीमीटरच्या आसपास येतं. बारा बाय बारा. पसरलेला पंजा. अण्णांना भागाकार न करताच उत्तर आलं होतं.

दुकानात येणारा प्रत्येक जण एकच विचारायचा, "किती चालंल?" हा प्रश्न कुठून आला ते मला माहीत आहे. अण्णांचे वडील बैलगाडीच्या चाकांना धाव चढवायचे. लोखंडी पट्टी लाल तापवून लाकडी चाकावर बसवायची, वर पाणी ओतायचं, की ती आक्रसून चाकाला घट्ट आवळायची. अशी धाव वर्षानुवर्षं टिकायची. धावेच्या हिशेबाने वाढलेल्या माणसांनी रबरालाही तोच प्रश्न विचारला. "किती धरंल?" असं विचारणारं गिऱ्हाईक मला आठवत नाही. अण्णा मात्र प्रत्येक टायरात अंगठ्याचं नख रोवायचे आणि उमटलेली खूण कशी भरून येते ते बघायचे. त्यांच्या त्या नखाची कड कायम काळी असायची.

खूण सावकाश भरून येणं हीच पकड. डांबरी रस्ता सपाट दिसतो, पण खडीच्या कणांना टोकं असतात. मऊ रबर त्या टोकांभोवती खाचांत उतरतं आणि तिथून निघायला कुरकुरतं. लगेच मूळ आकारात येत नाही, त्या ओढाताणीत थोडी शक्ती उष्णता होऊन जाते. गाडी वळणात टिकते ती या कुरकुरीवर. कडक रबर टोकांवरून नुसतं पुढे निघून जातं. आणि जे रबर खाचांत उतरतं, ते झिजतंही लवकर. एकाच टायरकडे दोन्ही मागता येत नाही.

हे सगळं ज्या माणसाकडून मी शिकले, त्या माणसाने एकदा नक्षी कापली होती.

मी दहा वर्षांची असेन. संध्याकाळ, पाऊस, दुकानाच्या मागची पडवी. टायर पार गोटा झालेला. अण्णांच्या हातात यू आकाराचं, विजेवर तापणारं पातं. ते टायरवर जुन्या नक्षीच्या पुसट खुणांवरून पातं ओढत होते, आणि रबराच्या लांबच लांब काळ्या शेवया निघत होत्या. जळक्या रबराचा गोडसर वास. मी शेवया गोळा करून कंपासपेटीत ठेवल्या. अण्णा एरवी काम करताना बोलायचे. त्या संध्याकाळी एक शब्द बोलले नाहीत. टायर नव्यासारखा दिसत होता. त्यात रबर मात्र आणखी कमी झालं होतं, हे मला फार उशिरा कळलं.

रबर आणि पंजा म्हटलं की मला काँगो आठवतो. इथे तो बसत नाही हे कळतं, पण टाळता येत नाही. १८८८ साली बेलफास्टमध्ये जॉन बॉइड डनलॉप या जनावरांच्या डॉक्टरने हवेच्या टायरचं पेटंट घेतलं. मुलाची तीनचाकी सायकल दगडी रस्त्यावर खडखडू नये एवढीच मूळ धडपड होती. पुढे सायकली वाढल्या, मोटारी आल्या, जगाला रबर कमी पडू लागलं. बेल्जियमचा राजा दुसरा लिओपोल्ड १८८५ पासून १९०८ पर्यंत काँगोचा जणू खासगी मालक होता. जंगलातल्या वेलींचा चीक ठरल्या मापाने आला नाही, की गावावर शिपाई जायचे, आणि झाडलेल्या काडतुसांचा हिशेब म्हणून माणसांचे कापलेले हात घेऊन यायचे. रॉजर केसमेंटचा अहवाल १९०४ साली प्रसिद्ध झाला तेव्हा हे जगासमोर मांडलं गेलं. नव्या रबराचा वास मला लहानपणापासून आवडतो. आता आवडतो आणि त्याबरोबर ते हात आठवतात. दोन्ही खरं आहे.

ताम्हिणीनंतर दोन आठवडे मी टायर शोधत होते. पुढे २०५/५५ आणि मागे २३५/५०, दोन्ही १७ इंची. कडेवर 'एन' आणि पुढे आकडा असेल तर पोर्शेने तपासून मान्य केलेला. समोर तीन वाटा होत्या. कडेवर ट्रेडवेअरचा आकडा असतो, शंभराच्या नमुन्याशी तुलना करून काढलेला. ४०० च्या पुढचे टायर दीर्घायुषी, रबर टणक. २०० आणि त्याखालचे शर्यतीच्या मैदानाजवळचे. कोरड्या, तापल्या रस्त्यावर त्यांच्यासारखी पकड नाही, पण खोबणी इतक्या कमी की साचलेल्या पाण्यावर गाडी तरंगू लागते. मधले तीनशेच्या आसपासचे, रुंद उभ्या खोबणींचे, ओल्या पकडीसाठी रबरात सिलिका मिसळलेले. हा आकडा प्रत्येक कंपनी स्वतःच ठरवते, म्हणून दोन कंपन्यांचे आकडे शेजारी ठेवून फार विसंबू नये. शेजारचं अक्षर जास्त महत्त्वाचं: ओल्या रस्त्यावर थांबण्याची प्रत, 'एए' सर्वांत वरची. सह्याद्रीत चार महिने पाऊस पडतो. मी मधले घेतले. हवे होते त्याहून रुंद टायर मला एकाने सुचवले. रुंद टायर पाण्यावर आधी चढतो, म्हणून नको म्हटलं.

निवडताना अण्णा शेजारी आहेत असं सारखं वाटत होतं, आणि त्यांच्याबरोबर आठवणारा दिवस १९ जून २००५ चा होता. ते पुण्याला माझ्याकडे आले होते, टीव्हीवर इंडियानापोलिसची फॉर्म्युला वन शर्यत. तेराव्या, एका अंगाला कललेल्या वळणावर मिशेलिनचे टायर टिकणार नाहीत हे सरावात दिसलं होतं. वॉर्म-अपची फेरी संपली आणि त्या टायरांवरच्या चौदा गाड्या सरळ पिटमध्ये निघून गेल्या. ब्रिजस्टोनवरच्या सहाच शर्यतीत उरल्या. नारायण कार्तिकेयन चौथा आला. फॉर्म्युला वनमध्ये भारतीयाला मिळालेले ते पहिले गुण. मी आनंदाने ओरडत होते, प्रेक्षक हुर्यो करत होते. अण्णा परतलेल्या गाड्यांकडे बघत म्हणाले, "बरोबर केलं. टायर नको म्हणाला की थांबायचं."

तेव्हा विचारणार होते. पडवीतला तो टायर कुणाचा होता? शब्द तोंडात आले होते, आणि मी चहा करायला उठले. सहा वर्षांनी अण्णा गेले.

त्यानंतर मी स्वतःशी एक पळवाट काढून ठेवली होती. ट्रकच्या काही टायरांवर 'रीग्रूव्हेबल' असं छापलेलं असतं. त्यांच्यात नक्षीखाली रबराचा जादा थर मुद्दाम ठेवतात. झिजल्यावर पुन्हा खोबणी कापायला त्या टायरना परवानगी असते. म्हणजे टायर ट्रकचा असेल तर अण्णांनी रीतसर काम केलं. जीपचा असेल तर नाही. इतकी वर्षं मी ठरवून टाकलं होतं की ट्रकचा.

सातारा रस्त्यावरच्या ज्या दुकानात टायर बदलायला गेले, तिथे ट्रकचेही टायर होते. मालकाचा मुलगा, नऊ-दहा वर्षांचा, माझ्या नव्या टायरवरचे रबराचे बारीक केस एकेक करून उपटत होता. मग कंटाळून भिंतीला टेकवलेल्या ट्रकच्या टायराशी गेला आणि त्यावर रेलला. हात वर उचलून, हनुवटी जवळजवळ टायरावर.

मी त्या संध्याकाळी कशी उभी होते ते मला स्वच्छ आठवतं. कापून झाल्यावर अण्णांनी टायर भिंतीला उभा केला, आणि मी त्यावर दोन्ही कोपरं टेकून शेवया मोजत होते. खांदे सैल, मान खाली. टायर माझ्या कमरेला लागत होता.

जीपचाच होता.

खंबाटकी चढून ती जीप कुठे गेली, मागे किती माणसं बसली होती, मला कधीच कळणार नाही. अण्णांना कळलं असेल का, म्हणून ते गप्प होते का, तेही नाही. एवढंच कळतं की पुढची तीस वर्षं ते प्रत्येक टायरात नख रोवत राहिले.

"जुने टायर ठेवून घेऊ का, ताई? नक्षी हाय अजून. घेणारे घेत्यात," मालकाने विचारलं. पैसे कापून देणार होता. टेम्पोवाला असेल, कुणी ना कुणी घाट चढणारा. मी म्हटलं, "नको. माझ्यासमोर कडा कापा."

त्याने तीन कापले. चौथ्यासाठी मी पातं मागून घेतलं. रबर दगड झालं होतं. दोन्ही हातांनी जोर लावावा लागला. निघताना तो म्हणाला, नवे आहेत, वरचं साच्याचं तेल निघेपर्यंत पहिले दोनशे किलोमीटर हळू जा. मी वाकून मागच्या टायरात नख रोवलं आणि खूण भरून येईपर्यंत तिथेच बसून राहिले.