नोहाचे तारू आणि निनवेच्या विटा

पवित्र शास्त्र दोन तऱ्हांनी वाचता येते. एक तऱ्हा आमच्या घरातली. संध्याकाळच्या प्रार्थनेत आजी एक अध्याय वाचते, बाकीचे ऐकतात. तेथे नोहा जणू शेजारच्याच गल्लीत राहतो. त्याला ना काळ, ना देश. दुसरी तऱ्हा मला कॉलेजच्या ग्रंथालयात गवसली. तिच्यात प्रत्येक शब्दाला विचारायचे, 'बाबा रे, तू कोणत्या गावचा? तुझे शेजारी कोण?'

या वाटेवर पहिली गाठ पडली जॉर्ज स्मिथशी. १८७२ साली लंडनच्या ब्रिटिश म्यूझियममध्ये, निनवे येथील असुरबनिपाल राजाच्या ग्रंथसंग्रहातल्या मातीच्या विटा तपासताना त्याला एका फुटक्या विटेवर जलप्रलयाची कथा सापडली. गिल्गमेश महाकाव्याचाच तो भाग. देव उत्नपिष्टिमला सावध करतो. तो नाव बांधतो, प्राणी चढवतो. नाव डोंगराला लागते. मग तो कबुतर, पाकोळी आणि कावळा सोडून पाहतो. नोहाही कावळा आणि कबुतरच सोडतो! आणि 'अत्राहसीस' या बाबिलोनी काव्याची प्रत तर इ. स. पूर्व सतराव्या शतकाच्या सुमाराची.

वाचून मी अस्वस्थ झाले. मग आमचे शास्त्र काय उसनवारीचे? आजीला हे सांगावे की नाही, या विचारात चार दिवस गेले. अखेर सांगितले. ती पळभर थांबली आणि म्हणाली, "पाऊस तोच असेल गं. पण तो पाडला कशासाठी, ते लिहिलंय का त्यांनी?"

प्रश्न नेमका होता, आणि उत्तर लिहिलेले आहे. अत्राहसीसच्या कथेत माणसे फार झाली, त्यांच्या गोंगाटाने एन्लिल देवाची झोप मोडली, म्हणून प्रलय. उत्पत्तीच्या पुस्तकात पृथ्वी जुलूमजबरदस्तीने भरली, म्हणून प्रलय. तिकडे प्रलयानंतर देव बळीच्या वासावर माश्यांसारखे गोळा होतात. नोहाच्या होमाचा सुवास परमेश्वरालाही पोचतो. पण तो भुकेला नाही, तो वचन देतो. सांगाडा जुना, जीव नवा.

शेजारी कळले की लहानसहान गोष्टीही बोलू लागतात. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात सूर्यचंद्रांची नावेच नाहीत. नुसती एक मोठी ज्योती आणि एक लहान. का? तर शमश हा बाबिलोनचा सूर्यदेव आणि सीन हा चंद्रदेव. हिब्रूतही सूर्याला शेमेश म्हणतात. ते नाव टाळले की सूर्य देव राहत नाही, दिवा होतो. बाबिलोनच्या सृष्टिकथेत माणूस घडवला तो देवांचे कष्ट उपसण्यासाठी, आणि देवाची प्रतिमा म्हणवून घेण्याचा मान राजाचा. उत्पत्ती तो मान सरसकट देऊन टाकते, पुरुषाला आणि स्त्रीलाही.

इ. स. पूर्व ५८६ च्या सुमारास यरुशलेमचे मंदिर जळाले आणि कित्येक यहूदी बाबिलोनला धरून नेले गेले. हा अध्याय त्या हद्दपारीच्या आगेमागे आकाराला आला, असे अनेक अभ्यासक मानतात. जेत्यांच्या राजधानीत बसून, 'तुमचा सूर्य हा आमच्या देवाने टांगलेला दिवा' असे म्हणणे केवढे धाडसाचे! प्रार्थनेत शांतपणे ऐकलेल्या त्या ओळींत आता मला बंड ऐकू येते.

काहींना अशी चिकित्सा श्रद्धेवरची कुऱ्हाड वाटते. काहींना 'पाहा, सगळी नक्कल!' म्हणण्याची घाई होते. मला वाटते, दोघेही अर्ध्या वाटेवरूनच परततात. पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबल सोप्या मराठीत आणले. ते त्यांच्या निधनानंतर दोन वर्षांनी, १९२४ साली, संपूर्ण प्रसिद्ध झाले. शब्दाच्या मूळ गावी जाण्याने त्यांची श्रद्धा उणावली नाही. आणि शतपथ ब्राह्मणातल्या मनूची नावही उत्तरेच्या पर्वताला लागलेली आहे. म्हणून मनूची कथा कोणी टाकून दिली नाही.

साम्य कोठे आहे, हे निनवेच्या विटा सांगतात. फरक कोठे आहे, हे मात्र ज्याचे त्यालाच वाचावे लागते.