कॉलेजमधून फोन आला

माझी भाची वकील झाली म्हणून मी दोनदा पेढे वाटले. पहिल्यांदा २०१९ साली, ती एल.एल.बी. पास झाली तेव्हा. दुसऱ्यांदा तिने बार कौन्सिलची परीक्षा पार केली तेव्हा. पहिले पेढे घाईत वाटले गेले, असे आज वाटते. त्या घाईत माझा स्वतःचा हात होता, म्हणून हे लिहितो आहे.

२०१६ ची गोष्ट. महाराष्ट्रात विधीच्या प्रवेशासाठी त्या वर्षी पहिल्यांदाच सीईटी सुरू झाली. भाची बी.ए. झालेली. माझी थोरली बहीण चार घरची धुणीभांडी करते, दाजी रंगकामाला जातात. मुलीला वकील करायचे हे ताईच्या मनात कधीपासूनचे. पण सीईटीत मार्क कमी पडले. एकेक यादी लागत गेली, भाचीचे नाव कुठेच नाही. ताईने तर तिच्यासाठी शिवणक्लासची चौकशीही करून ठेवली होती.

आणि एके दिवशी कॉलेजमधून फोन आला. "आमच्याकडे जागा शिल्लक आहेत. दोन दिवसांत आलात तर काम होऊन जाईल."

दुसऱ्याच दिवशी रजा टाकून मी भाचीला घेऊन एस.टी.ने तिथे गेलो. कॉलेजचे नाव सांगत नाही, तशी अनेक आहेत. दोन मजली इमारत. खाली पूर्वी डी.एड.चे वर्ग भरत, ते बंद पडलेले. गावोगाव निघालेली डी.एड. कॉलेजे पुढे कशी ओस पडली ते आपण सर्वांनी पाहिले आहे. ऑफिसातल्या बाबूने पाणी दिले, खुर्ची दिली. म्हणाला, "हजेरीचं टेन्शन घेऊ नका साहेब. लांबची मुलं परीक्षेलाच येतात. ही संस्थेच्या फेरीतली ॲडमिशन आहे, शिष्यवृत्तीचं काही सांगता येणार नाही. फी तेवढी भरून टाका."

मी स्वतः क्लार्क आहे. टेबलापलीकडच्या माणसाला खुर्ची कधी मिळते आणि का मिळते, हे मला ओळखता यायला हवे होते. पण मला त्या बाबूचे बोलणे मायेचे वाटले. आपल्या पोरीला कुणी नाकारत नाही, उलट बोलावून घेते आहे, याचेच अप्रूप. मी पतपेढीचे कर्ज काढून दिले, जामीन म्हणून सहीही माझीच. तीन वर्षांत लाखाच्या वर गेले.

तीन वर्षे भाची गाइडवर शिकली. परीक्षेच्या आधी 'आयएमपी' प्रश्नांची झेरॉक्स यायची, तेवढे पाठ करायचे. एक सर दुसरीकडे प्रॅक्टिस करून आठवड्यातून एकदा यायचे, तेही नेहमी नाही. ग्रंथालयाला कुलूप. मूट कोर्ट म्हणजे काय, हे तिने मलाच विचारले होते. तरी ती पास होत गेली, आणि पास होते आहे म्हणून आम्ही काही विचारले नाही. २०१९ ला वस्तीच्या तोंडाशी फ्लेक्स लागला. फ्लेक्सवर तिच्यापेक्षा मोठे फोटो आम्हा कार्यकर्त्यांचे होते, हेही कबूल करतो.

त्याच वर्षी डिसेंबरात वस्तीतली एक बाई तिच्याकडे आली. शेतावरच्या भांडणात तिला जातीवरून शिव्या देऊन मारले होते आणि पोलिसांनी नुसती एन.सी. लिहून घरी पाठवले होते. बाईने दाराबाहेर चपला काढल्या आणि खाली बसत म्हणाली, "वकीलबाई, आता काय करायचं?" भाची गप्प. एफ.आय.आर. साठी कुणाकडे जायचे, ॲट्रॉसिटीच्या गुन्ह्याचा तपास कोणत्या दर्जाच्या अधिकाऱ्याने करायचा, आरोपीला अटकपूर्व जामीन मिळतो की नाही, यातले तिला काहीच ठाऊक नव्हते. तो कायदा तिच्या वर्गात कुणी उघडलाच नव्हता. "बघून सांगते," म्हणाली. रात्री मला फोन केला आणि रडली. "मामा, त्या बाईनं माझ्यासमोर चपला काढल्या हो."

मी जुन्या वकीलसाहेबांना गाठले. वस्तीत सगळे त्यांना याच नावाने ओळखतात. त्यांनी दुसऱ्या दिवशी बाईला घेऊन तालुक्याला जाऊन गुन्हा नोंदवून घेतला. परत येताना मला एवढेच म्हणाले, "पोरगी हुशार आहे. तिला शिकवलेलं नाही."

पुढे २०२१ च्या जानेवारीत बार कौन्सिलची परीक्षा झाली. एल.एल.बी. झाल्यावर कोर्टात कायम उभे राहायचे तर ही परीक्षा पास व्हावी लागते. २०११ पासून ती सुरू आहे. त्या वेळेपर्यंत ती पुस्तके समोर उघडी ठेवून द्यायची होती. तरी भाची नापास झाली. पुस्तक उघडे असून काय उपयोग? कुठल्या पानावर काय आहे, हे कधी पाहिलेच नव्हते.

ऑफिसात एका सहकाऱ्याने विचारले, "पण तुम्हाला तर पस्तीसलाच पास करतात ना?" तेव्हा इतरांना ४० आणि अनुसूचित जाती-जमातींना ३५ गुण लागत. पुढे २०२३ मध्ये ते ४५ आणि ४० झाले. मी काही बोललो नाही. बोलायला उत्तरच नव्हते. सवलतीने आत आलेली मुले कच्ची निघतात, असे त्याला म्हणायचे होते. आणि माझ्या घरात तर नापासाचा निकाल पडलेला.

उत्तर शोधायला मी रात्री मोबाइल घेऊन बसू लागलो, शेजारी डिक्शनरी. कॉलेजे रिकाम्या जागा अशा का भरतात, असे शोधता शोधता थेट अमेरिकेत जाऊन पोहोचलो. तिकडे तर या रोगाचे सगळे आकडेच लिहून ठेवलेले.

२००८ च्या मंदीनंतर तिथे वकिलांच्या नोकऱ्या आटल्या. पदवी घेतलेली मुले डोक्यावर कर्ज घेऊन बसली, तसे अर्ज घटू लागले. २०१० मध्ये देशभरात ५२ हजारांहून अधिक मुलांनी विधीच्या पहिल्या वर्षाला प्रवेश घेतला होता. २०१५ पर्यंत तो आकडा ३७ हजारांच्या आसपास आला. इमारती तेवढ्याच, पगार तेवढेच, बाक रिकामे. काही कॉलेजांनी वर्ग लहान केले. बऱ्याच कॉलेजांनी प्रवेश परीक्षेचे पूर्वी चालत नसलेले गुण चालवून घेतले. ती मुले तीन वर्षांनी सनदेच्या परीक्षेला बसू लागली आणि निकाल घसरला. २०१४ च्या ऑक्टोबरात परीक्षेचे प्रश्न काढणाऱ्या मंडळाच्या अध्यक्षा एरिका मोझर यांनी विधी महाविद्यालयांच्या प्रमुखांना कळवले की, या वर्षीची मुले मागच्या वर्षीपेक्षा कमी पडली. प्रमुख मंडळी खवळली, मुलांचा अपमान झाला म्हणाली. पुढच्या वर्षी परीक्षेच्या बहुपर्यायी भागाची सरासरी आणखी घसरली. १९८८ पासूनची ती सर्वांत कमी होती.

यात एका कॉलेजची कथा मी पुन्हा पुन्हा वाचली. नॉर्थ कॅरोलिना राज्यातले शार्लट स्कूल ऑफ लॉ, २००६ साली निघालेले. मालकी नफ्यासाठी चालणाऱ्या कंपनीची. त्या कंपनीने 'उपेक्षितांची सेवा' हे आपले जाहीर ब्रीद ठरवले होते. फी वर्षाला ४० हजार डॉलरच्या वर. विद्यार्थ्यांत कृष्णवर्णीय मुलामुलींचे प्रमाण मोठे. तिथे सरकारच विद्यार्थ्याला फीसाठी कर्ज देते. मी बी.कॉम., मला हा हिशेब लगेच कळला. पैसे कॉलेजच्या खात्यात जमा, कर्ज मुलाच्या नावे. मूल पास झाले काय, नापास झाले काय, कॉलेजच्या ताळेबंदाला फरक पडत नाही. नापास होतील अशा काही पदवीधरांना पैसे देऊन परीक्षा पुढे ढकलायला लावले जाते, अशा बातम्याही त्या काळात आल्या होत्या. पदवी पुरी करून सनदेची परीक्षा पास होण्याची क्षमता दिसेल अशांनाच प्रवेश द्यावा, असा अमेरिकन बार असोसिएशनचा नियम आहे. २०१६ च्या नोव्हेंबरात असोसिएशनने या कॉलेजला प्रवेशाच्या आणि शिकवण्याच्या नियमांवरून ताकीद देऊन देखरेखीखाली ठेवले. डिसेंबरात सरकारने विद्यार्थिकर्ज थांबवले. २०१७ च्या ऑगस्टात कॉलेज बंद पडले. त्या महिन्यात माझी भाची एल.एल.बी.चे पहिले वर्ष पास झाली म्हणून ताईने मला पुरणपोळीला बोलावले होते.

आणखी एक गोष्ट वाचून तर मी उठून बसलो. तिथली बरीच कॉलेजे चांगले गुण असलेल्या मुलाला फीत मोठी सूट देऊन ओढतात, कारण त्याच्या गुणांनी कॉलेजचा क्रमांक वर जातो. ती सूट भरून निघते कमी गुणांच्या मुलाच्या पूर्ण फीतून. म्हणजे साधारण गरिबाघरचा, पहिल्या पिढीचा मुलगा खात्यापित्या घरच्या मुलाची फी भरतो, आणि वर त्यालाच म्हणायचे, आम्ही तुला संधी दिली.

सहकाऱ्याला द्यायचे उत्तर मला इथे सापडले. आपल्याकडे एल.एल.बी.ला बसायला पदवीला ४५ टक्के लागतात, अनुसूचित जाती-जमातींना ४०. हे पाच टक्के ज्या पोरीने धुणीभांडी करता करता अभ्यास केला तिच्यासाठी आहेत. ते बार कौन्सिलने उघडपणे लिहून ठेवले आहेत, आणि आत आल्यावर तिला इतरांसारखेच शिकवायचे, हे त्यात धरलेले आहे. बाक रिकामा आहे म्हणून फोन करणाऱ्याच्या डोक्यात ती पोरगी नसतेच. तिच्या जागी दुसरी कोणीही चालली असती. माझ्या भाचीला बी.ए.ला ५२ टक्के होते. तिने पाच टक्क्यांची सवलत घेतलेलीच नव्हती! हे मी सहकाऱ्याला सांगितले. तो "असं होय" म्हणाला आणि चहाला गेला.

दार उघडे ठेवून शिकवणे कडक करता येते, हे त्याच अमेरिकेत घडलेले आहे. वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात १८६९ पासून कृष्णवर्णीयांना कायदा शिकवतात. १९२९ मध्ये चार्ल्स हॅमिल्टन ह्यूस्टन तिथे विधी शाखेचे उपप्रमुख झाले. त्यांनी अभ्यास असा कडक केला की, मुले रडकुंडीला आली. थरगुड मार्शल यांना त्यांच्या स्वतःच्या मेरीलँड राज्याच्या विधी महाविद्यालयाचे दार रंगामुळे बंद होते. ते हॉवर्डला आले. फीसाठी त्यांच्या आईने अंगठ्या गहाण ठेवल्या. १९३३ ला ते पहिले आले, १९५४ ला त्यांनी शाळांतला वर्णभेद सुप्रीम कोर्टात हरवला आणि १९६७ ला त्याच कोर्टात न्यायाधीश झाले. ह्यूस्टन यांनी रात्रीचे वर्ग मात्र बंद केले. दिवसा राबणाऱ्याने मग जायचे कुठे? ते काही मला पटत नाही. मी त्या काळी तिथे असतो तर बाहेरच राहिलो असतो.

आपल्याकडेही बाबासाहेब १९३५ मध्ये मुंबईच्या सरकारी लॉ कॉलेजचे प्राचार्य झाले होते, आणि त्यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५६ ला सिद्धार्थ विधी महाविद्यालय काढले. आपल्या माणसाने हातात कायदा घ्यायचा तर नीट शिकून घ्यायचा, ही शिकवण आपल्याला काही बाहेरून आणावी लागत नाही. आपणच ती फ्लेक्सच्या गडबडीत विसरतो.

भाचीने पुन्हा परीक्षा द्यायचे ठरवले. आता पुस्तके नेता येणार नव्हती, फक्त टीपा नसलेले बेअर ॲक्ट चालणार होते. वकीलसाहेबांनी अट घातली, "रोज संध्याकाळी सात वाजता विहारात. गाइड दिसलं तर मी उठून जाईन." ते कलम वाचायला लावत आणि विचारत, "आता यातून त्या बाईला काय मिळालं ते सांग." मी कोपऱ्यात बसून वहीत लिहून घेई. सहा महिन्यांत माझ्या भाचीने तीन वर्षांचे शिक्षण घेतले. फीमध्ये वकीलसाहेबांना चहा. २०२१ च्या ऑक्टोबरातली परीक्षा ती पास झाली. पतपेढीचे हप्ते त्यानंतरही दोन वर्षे चालू होते.

सनदेची फी सुप्रीम कोर्टाने २०२४ च्या जुलैत कायद्यात लिहिली तेवढीच ठेवली, इतरांना ७५० आणि अनुसूचित जाती-जमातींना १२५ रुपये. भाचीच्या वेळी हजारोंत गेले होते. आणि २०२५ च्या ऑगस्टात बार कौन्सिलने नवी विधी महाविद्यालये काढायला तीन वर्षांची बंदी घातली. जुन्यांत काय चालते ते पाहायला मात्र आपल्यालाच जावे लागणार.

मागच्या प्रवेशाच्या हंगामात गल्लीतला एक हमाल मोबाइल घेऊन माझ्याकडे आला. शेजारी त्याचा मुलगा. "भाऊ, कॉलेजातून फोन आलाय. जागा आहेत म्हणतात."

या वेळी भाचीलाही बरोबर घेतले. कॉलेज निराळे, खुर्ची आणि पाणी तेच. बाबू फॉर्म पुढे सरकवू लागला तशी भाची म्हणाली, "फॉर्म नंतर भरू. आधी ग्रंथालय दाखवा, आणि मागच्या महिन्याचं हजेरीपत्रक." बाबूने तिच्याकडे पाहिले, मग माझ्याकडे. ग्रंथालयाची किल्ली शिपायाकडे होती आणि शिपाई रजेवर होता.

"मग तो रजेवरून आला की येतो," ती म्हणाली. आम्ही चौघे उठलो आणि साडेतीनच्या एस.टी.ने परत आलो. मुलगा आता सकाळी एका दुकानात काम करतो आणि संध्याकाळी सात वाजता विहारात येतो. पुढची सीईटी द्यायची म्हणतो.