घाट बंद असतो तेव्हा

भोरहून महाडला उतरायचं तर वरंध घाट जवळचा. पावसाळ्यात दरडींच्या भीतीने तो बऱ्याचदा वाहतुकीला बंद ठेवतात, आणि मोबाइलमधल्या नकाशाला ते वेळेवर कळेलच असं नाही. ज्याचा नकाशा स्वतःच्या सर्व्हरवर चालतो, त्याला मात्र कुणाची वाट बघावी लागत नाही.

यासाठी लागणारं सामान सगळं खुलं आहे. रस्त्यांची माहिती ओपनस्ट्रीटमॅपची. स्टीव्ह कोस्ट यांनी 2004 मध्ये ब्रिटनमध्ये सुरू केलेला हा नकाशा जगभरची हौशी माणसं भरत आली आहेत. जर्मनीतल्या कार्ल्सरूहची जिओफाब्रिक कंपनी त्याचे प्रदेशवार तुकडे रोज तयार करते. भारताचा पश्चिम विभाग उतरवला की महाराष्ट्र, गोवा, गुजरात हाती येतात. वाट शोधणारं ओएसआरएम हे सॉफ्टवेअरही कार्ल्सरूहच्याच विद्यापीठातलं. अख्खं जग पेलायला शेकडो गीगाबाइट मेमरी लागते, एका विभागाला बेताचा सर्व्हर पुरतो.

ओएसआरएमचा खरा जीव आहे त्याच्या प्रोफाइलच्या फाइलीत. कुठल्या रस्त्यावर गाडी किती धावेल हे तिथे उघड लिहिलेलं असतं: ‘मोटरवे’ला ताशी 90 किलोमीटर, ‘प्रायमरी’ला 65, वस्तीतल्या रस्त्याला 25. चढउताराचा हिशेब मोटारीच्या मूळ फाइलीत नाही, म्हणून घाट आणि सपाटी एकाच मापाने मोजले जातात. ते आकडे आपल्या मुलखाला बसतील असे करणं हेच या कामातलं खरं कसब. संगणकापेक्षा रस्ता माहीत असणाऱ्याला ते लवकर जमतं.

घाट बंद करायला तर प्रोफाइललाही हात लावावा लागत नाही. एका सीएसव्ही फाइलीत रस्त्याच्या त्या तुकड्याच्या दोन टोकांचे क्रमांक लिहायचे आणि पुढे वेग: शून्य. उलट्या दिशेसाठी वेगळी ओळ; ती राहिली तर महाडहून वर येणारा टेम्पो थेट बंद घाटात जाईल. मग सगळी माहिती नव्याने दळायची नाही, ‘कस्टमाइझ’ ही शेवटची पायरी तेवढी पुन्हा चालवायची.

कंपनीच्या भरवशावर राहण्यापेक्षा हे बरं, याला दाखला आहे. मॅपझेन ही कंपनी 2018 च्या जानेवारीत बंद पडली; तिथे घडलेलं वाल्हाला हे वाट शोधणारं इंजिन मात्र, कोड खुला असल्यामुळे, आजही चालतं आहे.

घाट उघडला की सीएसव्हीतल्या त्या ओळी पुसायच्या. एखाद्या वाडीचा रस्ता नकाशात नसेलच, तर मात्र तो आपल्या सर्व्हरवर न ठेवता ओपनस्ट्रीटमॅपमध्येच काढावा. जिओफाब्रिकच्या पुढच्या तुकड्यातून तो आपल्याकडे येतो, आणि इतर सगळ्यांकडेही.