भुरीने पाय रोवले

भुरी आमच्या पनवेलच्या घरात चौदा वर्षं होती. ती आली तेव्हा नानांचा काचबिंदू बळावला होता. आधी कडेचं जग गेलं, मग समोरचंही पुसत गेलं. रोज सकाळी लाइन आळीतून वडाळे तलावापर्यंत जायचा त्यांचा शिरस्ता मात्र सुटला नाही. भुरीला कुणी काही शिकवलं नव्हतं, ती साधी गावठी कुत्री. पण दोरी धरून चालणारा माणूस अडखळतो हे तिच्या ध्यानात आलं असावं. दोन पावसाळ्यांत ती उघड्या गटाराशी थांबू लागली, रिक्षा अंगावर आली की नानांच्या पायांशी आडवी उभी राहू लागली. मग नानांनी मोच्याकडून तिच्या छातीभोवती बसेल असा चामड्याचा पट्टा शिवून घेतला, वर धरायला मूठ.

आठव्या वर्षी तिने पाय रोवले. खुंटीवरचा पट्टा काढला की ती दिवाणाखाली शिरायची. ओढून काढली तर उंबऱ्यात बसकण मारायची. आम्ही तिला आळशी म्हटलं, लाडावलेली म्हटलं. मी एकदा तिच्यावर ओरडलो, त्याचं आजही वाईट वाटतं. कारण माझ्या धाकट्या बहिणीबरोबर, नुसत्या दोरीने, हीच भुरी तलावापर्यंत पळत जायची. काम नको असतं तर रस्ताही नको वाटला असता. हे तेव्हा कुणालाच सुचलं नाही.

सुचलं नानांना. एका दुपारी ते जमिनीवर बसले आणि भुरीला मांडीशी घेऊन मानेपासून बोटं फिरवू लागले. पुढच्या उजव्या पायामागे, पट्टा घासायचा तिथे, केस गेले होते. त्याच्या वर खांद्याशी बोटं टेकताच तिने अंग आकसलं.

"हिचं काही चुकलेलं नाही रे," नाना म्हणाले. "माझा भार हिच्यावर पडतोय."

खरंच होतं ते. त्या पावसाळ्यात शेवाळलेल्या रस्त्यावर घसरल्यापासून नाना मूठ नुसती धरत नव्हते, तिच्यावर रेलत होते. गुरांच्या डॉक्टरांनी सांधा सुजल्याचं सांगितलं. कुत्री दुखणं लपवतात, म्हणाले, मग एक दिवस नुसती नाही म्हणतात.

पुढे मी या विषयावर मिळेल ते वाचलं. अमेरिकेत 1929 साली 'द सीइंग आय' ही वाटाड्या कुत्र्यांची शाळा सुरू झाली. अशा कुत्र्यांच्या पाठीवरची मूठ दिशा कळण्यासाठी असते, टेकण्यासाठी नव्हे. पुढे धोका असेल तर मालकाचा हुकूम मोडायचा, हेही त्यांना मुद्दाम शिकवतात. चांगलं काम करणारं कुत्रं अडलं, तर आधी त्याचं अंग तपासावं, पट्टा पाहावा, वाटेत कशाला भ्यायलंय का ते आठवावं. भुरीला दटावताना आम्ही यातलं काहीच केलं नव्हतं.

पट्टा माळ्यावर गेला. नानांनी काठी घेतली. भुरी आठवडाभर दारात बसून पाहत राहिली, आणि मग एका सकाळी आपणहून उठून त्यांच्या दोन पावलं पुढे चालू लागली. डांबरावर तिची नखं टकटक वाजत, नाना त्या आवाजामागे जात. पावसात नखं ऐकू येत नसत. तेव्हा ती मागे फिरून ओलं नाक त्यांच्या पोटरीला लावायची आणि पुन्हा पुढे व्हायची.